त्याचं नवं पुस्तक मागवू नकोस

धरमपेठ, नागपूर

प्रिय बेटा,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या आवडत्या रहस्यकथाकाराचं नवं पुस्तक मागवू का, असं तू विचारलंस. त्याचं उत्तर आधी देते, म्हणजे बाकीचं पत्र तुला निवांत वाचता येईल. त्याचं नवं पुस्तक मागवू नकोस. आधीच मागवलं असशील तर ऑर्डर रद्द कर.

आठवीपासून ज्याचं प्रत्येक पुस्तक वाचलं, त्याचं पुढचं वाचायचं नाही असं ठरवणं सोपं नसतं. तुझ्या मैत्रिणी म्हणतात, "एवढं काय त्यात, दुसरं काहीतरी वाच." त्यांचं मनावर घेऊ नकोस. बाबांनी नागपूर स्टेशनवरच्या व्हीलरच्या स्टॉलवरून घेऊन दिलेलं ते पहिलं पुस्तक, मे महिन्याच्या दुपारी वाळ्याच्या ताट्या लावलेल्या कूलरसमोर पालथं पडून वाचलेली पुढची पुस्तकं, आता मिहानला जाता-येता बर्डी ते खापरी मेट्रोत वाचलेली अलीकडची. तुझी एवढी वर्षं त्या माणसाच्या पुस्तकांना लागून आहेत. म्हणून सोडायचं म्हटलं की बेइमानी केल्यासारखं वाटतं. ज्याला वाचनाचं खरंच वेड आहे त्यालाच असं वाटतं, त्यात लाजण्यासारखं काही नाही.

पण नुसतं सोडू नकोस. का सोडते आहेस ते स्वतःला नेमकं सांग, जमलं तर कागदावर लिहून काढ. एवढा आग्रह का, ते सांगते. माझी सगळी नोकरी कॉलेजच्या ग्रंथालयात गेली. पुस्तकाच्या शेवटच्या पानावर तारखांची चिठ्ठी चिकटवलेली असायची, तुला आठवत असेल. रहस्यकथा लिहिणाऱ्या एखाद्या लेखकाची सगळी पुस्तकं ओळीने काढून त्या चिठ्ठ्या पाहिल्या की त्याचं सगळं चरित्र कळायचं. पहिल्या पुस्तकांवर चिठ्ठीवर चिठ्ठी चिकटवलेली, बांधणी दोनदा केलेली, कडा काळवंडलेल्या. मधल्यांवर एक चिठ्ठी भरलेली. शेवटच्यांवर चार-दोन शिक्के आणि खाली सगळं कोरं. कोणी काउंटरवर येऊन "हा लेखक आता बिघडला" असं सांगत नसे. मुलं गुपचूप यायची बंद व्हायची. मला दुःख याचं होतं की त्यांतली बरीचशी मग कोणत्याच कपाटाकडे वळली नाहीत. आपला विरस कशाने झाला ते त्यांना सांगता आलं नाही, आणि हळूहळू त्यांना वाटायला लागलं की आपल्याला वाचनच आवडत नाही. तुझं तसं होऊ नये, म्हणून कारण शोध म्हणते.

तुझ्या पत्रात चार कारणं आहेत. पुस्तकं फुगत चालली आहेत. शेवट पटत नाहीत. निम्मं पुस्तक त्या इन्स्पेक्टरच्या घटस्फोटातच जातं. आणि सगळ्यात शेवटी, जरा दबकत लिहिलेलं, "कदाचित मीच मोठी झाले असेन." हे शेवटचं मला सगळ्यात आधी खोडून काढायचं आहे.

रहस्यकथा म्हणजे पोरवयातलं वाचन, मोठं झालं की आपोआप सुटतं, ही आपल्याकडची फार जुनी समजूत आहे. बाबूराव अर्नाळकरांनी हजाराहून जास्त पुस्तकं लिहिली. झुंजार, काळापहाड, धनंजय ही त्यांच्या नायकांची नावं घेतली की आजही आजोबांच्या वयाची माणसं खुलतात. कितीतरी घरांत वाचायची गोडी लागली ती याच पुस्तकांमुळे. पण मराठी समीक्षेने त्यांच्याकडे कधी नीट पाहिलंच नाही. ही उपेक्षा आपल्याही मनात झिरपलेली असते. म्हणून एखादा रहस्यकथाकार आवडेनासा झाला की आपण त्याच्या पुस्तकात दोष शोधत नाही, आपलं वय वाढलं असं म्हणून मोकळे होतो. मी हे मान्य करत नाही. चांगली रहस्यकथा सत्तरीतही तितकीच धरून ठेवते. मी रोज वाचते, मला माहीत आहे.

खात्री करून घ्यायची तर एक कर. येत्या शनिवार-रविवारी त्याचं पहिलं पुस्तक काढ आणि खुनी कोण ते पाठ असतानाही पहिल्या पानापासून वाच. रहस्यकथेची खरी परीक्षा दुसऱ्या वाचनात होते. अगाथा ख्रिस्तीची रॉजर ॲक्रॉइडच्या खुनाची कादंबरी १९२६ साली आली तेव्हा तिच्या शेवटावरून मोठा वाद झाला. ही वाचकाची फसवणूक आहे असं म्हणणारे पुष्कळ होते. तू ती वाचली नसशील तर शेवट मी सांगत नाही. पण शेवट माहीत झाल्यावर ती पुन्हा वाचली की थक्क व्हायला होतं. बाईंनी कुठेही खोटं लिहिलेलं नाही. जे लिहिलं ते सगळं खरं होतं, आपण ते भलत्या अर्थाने घेतलं. तुझ्या लेखकाचं पहिलं पुस्तक असं दुसऱ्यांदा वाचून टिकलं, तर तुझं वय मध्ये आलेलं नाही, तो बदलला आहे. टिकलं नाही, तर तेव्हा तुला जे पुरेसं होतं ते आता पुरत नाही, एवढंच. माझा कौल विचारशील तर ते टिकेल. त्याची सुरुवातीची पुस्तकं तुझ्या आग्रहाने मीही वाचली आहेत, आणि परवा तू पाठवलेलं ताजंही वाचून ठेवलं आहे.

शेवट पटत नाही, ही तुझी तक्रार रास्त आहे. तिला मोठी परंपरा आहे. रोनाल्ड नॉक्स नावाचे एक धर्मगुरू स्वतः रहस्यकथा लिहायचे. १९२९ मध्ये त्यांनी या लेखनाचे दहा नियम मांडले. गुन्हेगाराचा उल्लेख कथेत लवकर आला पाहिजे, आणि गुप्तहेराच्या हाती लागलेला पुरावा तिथल्या तिथे वाचकालाही दिसला पाहिजे, हे त्यांतले दोन. पुढच्याच वर्षी लंडनमध्ये रहस्यकथाकारांचा डिटेक्शन क्लब निघाला. त्यात येणाऱ्या सभासदाला शपथ घ्यावी लागे की आपला गुप्तहेर साक्षात्कारावर किंवा योगायोगावर विसंबणार नाही, आणि महत्त्वाचा धागा वाचकापासून लपवणार नाही. एलरी क्वीन या नावाने लिहिणारे फ्रेडरिक डॅने आणि मॅनफ्रेड ली हे दोन मावसभाऊ तर आपल्या सुरुवातीच्या कादंबऱ्यांत शेवटाच्या आधी गोष्ट थांबवून वाचकालाच आव्हान द्यायचे: सगळे पुरावे आता तुमच्याकडे आहेत, सांगा खुनी कोण.

हा शब्द तुझ्या लेखकानेही पाळला होता. पहिल्या पुस्तकात दूधवाल्याच्या हिशेबाची वही तिसऱ्याच प्रकरणात टेबलावर उघडी पडलेली आहे. आपण ती पाहतो आणि पुढे जातो. ताज्या पुस्तकात मात्र खुनी चारशे पानं उलटल्यावर पहिल्यांदा समोर येतो, आणि डीएनएचा अहवाल आपल्याला न दाखवता इन्स्पेक्टर खिशात घालतो. मग शेवटच्या प्रकरणात तोच कागद काढून सगळ्यांना वाचून दाखवतो. तुला राग आला तो योग्यच आला.

एलरी क्वीनवरून आठवलं. १९६० च्या दशकात त्या नावाखाली आलेल्या काही कादंबऱ्या दुसऱ्याच लेखकांनी लिहिलेल्या होत्या. मुखपृष्ठावरचं नाव एक आणि आत लिहिणारा हात दुसरा, हे या व्यवसायात नवं नाही. तुझ्या लेखकाच्या अलीकडच्या पुस्तकांवर त्याच्या भल्यामोठ्या नावाखाली बारीक अक्षरात आणखी एक नाव असतं, ते तू पाहिलंस का? मी चष्मा लावून पाहिलं. निम्म्याहून जास्त पुस्तक त्या दुसऱ्या माणसाने लिहिलं असेल, तर तू ज्याला सोडते आहेस तो कदाचित केव्हाच निघून गेलेला आहे.

आता जरा थांबून एक गोष्ट सांगायची आहे, कारण तुझ्या पत्रात त्याच्याबद्दल राग फार आहे. लेखक उतरणीला लागतो तेव्हा दर वेळी त्यामागे लोभ नसतो. ख्रिस्तीबाईंचंच पाहा. त्यांचा जन्म १८९० चा. 'एलिफंट्स कॅन रिमेंबर' आलं १९७२ मध्ये, आणि त्यांनी सगळ्यात शेवटी लिहिलेली कादंबरी १९७३ मध्ये. या शेवटच्या पुस्तकांत तपशील जुळत नाहीत, पात्रं तेच तेच बोलतात. टोरांटो विद्यापीठातल्या इयन लँकेशायर आणि ग्रॅम हर्स्ट या प्राध्यापकांनी बाईंच्या निरनिराळ्या वयांतल्या कादंबऱ्यांमधले शब्द संगणकावर मोजले. त्यांचा अभ्यास २००९ मध्ये आला. उतारवयात त्यांची शब्दसंपत्ती घटत गेली, त्याच त्या शब्दसमूहांची पुनरावृत्ती वाढली, आणि नेमका शब्द यायचा तिथे 'काहीतरी', 'कुठलीतरी गोष्ट' असे मोघम शब्द येऊ लागले. ही स्मृतिभ्रंशाची चाहूल असावी असा त्यांचा तर्क आहे. हयातीत बाईंचं तसं निदान झालेलं नव्हतं. आणि त्या १९७२ च्या कादंबरीचा विषय काय, तर आठवणी. त्यातली रहस्यकथा लिहिणारी म्हातारी बाई लोकांच्या जुन्या आठवणी गोळा करत फिरते. हे कळल्यापासून मला त्या पुस्तकाला कंटाळवाणं म्हणवत नाही. मी ते कोणाला वाच म्हणून सांगणार नाही, पण कोणी टिंगल केली तर ऐकूनही घेणार नाही.

याच बाईंनी आपल्या पॉयरो या गुप्तहेराची शेवटची कथा दुसऱ्या महायुद्धाच्या काळातच, ताकद असताना, लिहून कुलपात ठेवली होती. 'कर्टन' या नावाने ती १९७५ मध्ये आली, आणि त्या वर्षी ऑगस्टमध्ये न्यू यॉर्क टाइम्सने पॉयरोच्या निधनाची बातमी पहिल्या पानावर छापली. जो मुळात नव्हताच त्याची! कॉनन डॉयलने १८९३ मध्ये शेरलॉक होम्सला मारलं, १९०३ मध्ये परत आणलं, आणि १९२७ मध्ये शेवटचा संग्रह काढताना प्रस्तावनेत स्वतःच भीती बोलून दाखवली की होम्सची गत काळ संपल्यावरही पुन्हा पुन्हा निरोपाचं अभिवादन करायला मंचावर येणाऱ्या लोकप्रिय गायकांसारखी होईल. डोरोथी सेयर्सने मात्र १९३७ च्या कादंबरीनंतर आपल्या लॉर्ड पीटर या गुप्तहेराला बाजूला ठेवलं, आणि पुढे इटालियन कवी दान्तेच्या अनुवादात स्वतःला झोकून दिलं. मला तिचं फार कौतुक वाटतं. चालू असलेलं दुकान स्वतःच्या हाताने बंद करायला जे बळ लागतं ते थोड्यांकडे असतं. तुझ्या लेखकाकडे ते नाही, म्हणून ते काम तुझ्यावर येऊन पडलं आहे.

भराभर लिहिण्याने लेखक बिघडतो, हेही मी सरसकट मानत नाही. अर्नाळकर, गुरुनाथ नाईक यांनी ज्या वेगाने लिहिलं त्या वेगाने आज कोणाला टायपिंगही जमणार नाही. दोघांच्याही नावावर हजाराहून जास्त पुस्तकं. त्यांत डावं-उजवं असणारच, पण वाचकाला ते माहीत होतं. भाड्याच्या लायब्ररीतून संध्याकाळी न्यायचं, सकाळी परत करायचं, एका रात्रीची करमणूक. तुझा लेखक दर वर्षी एक सहाशे पानी ठोकळा काढतो आणि ती मोठी घटना म्हणून विकतो. तिथे मोजमाप वेगळं लावावं लागतं.

पण बेटा, ही सगळी कारणं वाचून झाल्यावरही मला वाटलं की खरं कारण तू लिहिलेलंच नाहीस. पत्राच्या कडेला, नंतर सुचल्यासारखी, पेन्सिलने एक ओळ आहे: "त्या मुलींचं वर्णन वाचवत नव्हतं, मी पानं उलटली." मला वाटतं तुझ्या निर्णयाचं मूळ या ओळीत आहे.

त्याचं तिसरं पुस्तक आठव, शाळेच्या रखवालदाराचं. मारला गेलेला माणूस असा, की ज्याच्याकडे जिवंतपणी कोणी धड पाहिलेलं नव्हतं. मग तो तरुण इन्स्पेक्टर त्याच्या खोलीत जातो. खिळ्याला टांगलेला एकच कोट, मुलांची बिघडलेली घड्याळं दुरुस्त करायची छोटी हत्यारं, दूरच्या गावी असलेल्या बहिणीला लिहिलेली आणि न पाठवलेली पत्रं. खुनी सापडतो तो या माणसाच्या आयुष्यातूनच. कोणत्या मुलाचं घड्याळ त्याने कधी दुरुस्त केलं, हे कळल्याशिवाय उलगडा होतच नाही. आणि खटला संपल्यावर इन्स्पेक्टर ती पत्रं घेऊन बहिणीकडे जातो. तू हे पुस्तक मला आणून दिलंस तेव्हा म्हणाली होतीस, "मॅडम, शेवटी तो माणूस आपल्या ओळखीचा होतो." अकरावीतल्या मुलीने रहस्यकथेबद्दल एवढं नेमकं बोललेलं मी तोवर ऐकलं नव्हतं.

आपल्या शहरातली वर्तमानपत्रं तू रोज पाहतेस. चहाबरोबर गुन्ह्यांचं पान येतं. अमुक वस्तीत तरुणीचा मृतदेह, अमुक रस्त्यावर क्षुल्लक वादातून खून. चार ओळी, वय, पोलीस ठाण्याचं नाव. दुसऱ्या दिवशी दुसरं कोणी. ती मुलगी कोण होती, तिला काय आवडायचं, संध्याकाळी घरी कोण वाट पाहत होतं, हे आपल्याला कधीच कळत नाही. रहस्यकथा ही उणीव भरून काढते. मेलेल्या एका माणसासाठी कोणीतरी तीनशे पानं दारोदार फिरतं, विचारतं, ऐकतं. तो कोण होता हे शोधल्याशिवाय त्याला कोणी मारलं हे सापडत नाही. याचसाठी मला हा साहित्यप्रकार मोठा वाटतो, आणि तो हलका म्हणणाऱ्यांशी मी आयुष्यभर भांडले ते याचसाठी.

ताज्या पुस्तकात पाच मुली मारल्या जातात. पुस्तक मिटल्यावर मी डोळे मिटून त्यांची नावं आठवून पाहिली. एकही आठवलं नाही. पण प्रत्येकीच्या अंगावरच्या जखमा लख्ख आठवत होत्या, कारण लेखकाने शब्द खर्च केले ते तिथे. एकीची आई एका प्रकरणात दोन पानं येते, रडते आणि जाते. ती काय बोलली ते इन्स्पेक्टरलाही नंतर आठवत नाही. मुली वेगळ्या असत्या, तीनच असत्या, तरी त्या कथेत काही फरक पडला नसता. कोण मेलं याची ज्याला फिकीर उरलेली नाही, तो खुनी कितीही चलाखीने लपवो, ते ऐकायला मी थांबणार नाही. तूही पानं उलटलीस ती यामुळेच. तुला किळस आली, ती हळवेपणामुळे आली असं कोणाकडूनही ऐकून घेऊ नकोस. खुनाचं वर्णन मुळीच नको असं माझं म्हणणं नाही. तिसऱ्या पुस्तकात रखवालदाराच्या डोक्यावरच्या घावाचं वर्णन आहे, एका वाक्यात, आणि ते मला अजून विसरता आलेलं नाही.

तो मुलाखतींमधून काय बोलतो, कोणाची बाजू घेतो, यावर तू एक परिच्छेद लिहिला आहेस. मला तो निर्णायक वाटत नाही. पानावर उतरलेलं आहे तेवढं पुरेसं आहे.

उरला प्रश्न इन्स्पेक्टरच्या बेपत्ता भावाचा. पहिल्या पुस्तकापासून तो हरवलेला आहे, आणि प्रत्येक पुस्तकाच्या शेवटच्या पानावर त्याचा एखादा माग लागतो. "तो सापडेपर्यंत तरी वाचू का?" असं तू विचारतेस. नको. तो भाऊ इतकी पुस्तकं हरवलेला आहे तो पुढचं पुस्तक खपावं म्हणून. प्रामाणिक लेखकाने तो केव्हाच शोधून दिला असता. तुला फारच चुटपुट लागली तर तूच एक शेवट लिही. मी हे मनापासून सांगते आहे. त्याच्या सुरुवातीच्या पुस्तकांत तो भाऊ कसा माणूस होता हे तुला जितकं ठाऊक आहे तितकं आता त्याला स्वतःला आठवत असेल असं वाटत नाही. चार पानं लिही, मला दाखव. भाऊ कुठे गेला असेल हे ठरवायला तुला तो कोण होता याचा विचार करावा लागेल, आणि तुला रहस्यकथा लिहायची आहे असं तू दोन वर्षांपासून म्हणते आहेस.

कपाटाचं म्हणशील तर रागाच्या भरात सगळा संच रद्दीत देऊ नकोस, बर्डीच्या फुटपाथवरच्या जुन्या पुस्तकवाल्यांनाही नको. सुरुवातीची पुस्तकं ठेव. ती चांगली आहेत आणि तुझी आहेत. नंतरची हवी तर काढून टाक; कोणत्याही ग्रंथालयाला द्यायच्या आधी त्यांना हवी आहेत का ते विचार, कारण नको असलेल्या देणग्यांनी कपाटं कशी अडतात ते मी पाहिलं आहे. आणि तुझ्या धाकट्या भावाने पहिलं पुस्तक उचललं आहे, तर त्याला वाचू दे. "पुढे पुढे बिघडत जातात" असं आधीच सांगू नकोस. त्याला कळेल तेव्हा कळेल, आणि तो तुझ्याकडेच येईल विचारायला. फक्त ते ताजं पुस्तक त्याच्या हाताला लागेल असं ठेवू नकोस. तो अजून तेरा वर्षांचा आहे.

आता तुझ्या मेट्रोच्या प्रवासासाठी. बंगाली लेखक शरदिंदू बंद्योपाध्यायांचा ब्योमकेश बक्षी तुला फक्त टीव्हीवरून माहीत आहे, रजित कपूरची ती १९९३ ची दूरदर्शनवरची मालिका तुझ्या आईने तुला दाखवली होती म्हणून. मूळ कथा वाच. पहिल्या कथा १९३२ च्या. मला शरदिंदूंचं हे फार मोलाचं वाटतं की मध्ये सुमारे १५ वर्षं त्यांनी ब्योमकेश लिहिलाच नाही. मुंबईत सिनेमासाठी लेखन करत होते. मग वाचकांनी मागितलं, स्वतःलाही लिहावंसं वाटलं, तेव्हा १९५० च्या सुमारास पुन्हा हातात घेतला, आणि पुढचं बरंचसं लेखन पुण्यात राहून केलं. एवढ्या मोठ्या खंडानंतरही तो माणूस थकलेला वाटत नाही. ब्योमकेश लग्न करतो, संसार करतो, त्याचं वय वाढतं, पण संसार कथेला गिळत नाही. आणि स्वतःला तो डिटेक्टिव्ह म्हणवून घेत नाही, सत्यान्वेषी म्हणवतो. सगळ्या मिळून तीसेक कथा. १९७० मध्ये शरदिंदू गेले तेव्हा शेवटची अपुरी राहिली, ती तशीच अपुरी छापलेली आहे.

माझ्याकडे हिंदी अनुवाद आहे, दोन भाग. रविवारी सकाळी ऊन चढायच्या आत ये. तर्री-पोहे खाऊन घरी जाशील. आईला सांग, तिच्या लोणच्याची बरणी रिकामी करून ठेवली आहे, तीही तुझ्याबरोबर परत देते. आणि येताना त्याचं तिसरं पुस्तक घेऊन ये, रखवालदाराचं. बहिणीच्या घरचा तो प्रसंग मला पुन्हा वाचायचा आहे.

तुझी,
मॅडम